हजेरीला शकुनबाई नाही

बपेऱ्यात शकुनबाईबद्दल कोणालाही विचारा, तो आधी तिच्या आवाजाचं सांगेल आणि मग इकडं-तिकडं पाहून तिच्या जिभेचं. आवाज असा की तिनं धानाच्या एका बांधीत ओळ उचलली तर तिसऱ्या बांधीतली बाई कमर सरळ करून ऐकत राहावी. जीभ अशी की गाण्यात कोणाचं चुकलं तर पुढचा श्वास घेऊ द्यायची नाही. मग तो भजनातला बुवा असो की लग्नातली वरमाय.

धानाचा रोवणा म्हणजे वाकून चालणारं काम. गुडघाभर चिखल, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी, उजव्या हातानं चार-चार काड्या रोवत मागं-मागं सरकायचं. शकुनबाई ओळ फेकणार, बाकीच्या पंधरा जणी झील धरणार. ओळीत चार रोपं, झीलीत चार रोपं. गाणं चालू असलं की हात चालतात. गाणं थांबलं की बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, आणि बाया उभ्या राहिल्या की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मालकाच्या पोटात दुखायला लागतं. म्हणून मोठ्या बांधीवाले टोळी ठरवताना पहिलं विचारत, "शकुनबाई हाये ना?" ती असली तर सौदा. मजुरी तिला इतर बायांइतकीच. वरून एक पान, तेही ती मागून घ्यायची.

वयाच्या नवव्या वर्षी ती जुड्या फेकायला चिखलात उतरली, आता अठ्ठावन्न लागलं. शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं ओळखते, पण शेवटच्या अक्षरावर पोचेपर्यंत पहिलं विसरते. गाणी मात्र तिच्या पोटात किती आहेत, ते तिलाही माहीत नाही. काही जुनी, काही तिथल्या तिथं जोडलेली. एकदा एक मालक भर उन्हात छत्री उघडून धुऱ्यावर उभा राहिला आणि हात चालवा, हात चालवा म्हणू लागला. शकुनबाईनं मान वर न करता ओळ सोडली:

धुऱ्यावर मालक बाई छत्री धरून उभा,
गुडघाभर चिखलात आमी, त्याचाच मोठा रुबाबा.

मालकानं छत्री मिटली. गाणं मात्र मिटलं नाही. ते तुमसर तालुका ओलांडून पवनीपर्यंत गेलं.

इतकं लांब गेलं ते फोनमुळं. नागपूरच्या कंपनीत लागलेल्या निकेशनं आईला फोन घेऊन दिला, आणि कोणाकोणाच्या फोनमधून फिरत ते गाणं कारध्याच्या सत्यभामाबाईपर्यंत गेलं. सत्यभामाबाई म्हणजे वैनगंगेच्या काठावरची सत्तरीची डोकरी, तीही रोवण्यात ओळ फेकणारी. तिनं भाच्याकडून व्हॉट्सॲपवर ग्रुप करवून घेतला आणि जिल्ह्यात जिथं-जिथं गाणारी बाई असल्याचं कळलं, तिथं-तिथं तो ग्रुप पोचवला. नाव "रोवण्याचा आवाज". माणसं त्रेचाळीस, त्यात गडी सात. कायदा एकच, सत्यभामाबाईचा.

"इथं लिहाचं नाई. बोलाचं. हात चिखलात असते, लिहाले कोनाले सवड हाये? ज्यानं लिहलं त्याले मी काढून टाकीन."

खरं म्हणजे अर्ध्या बायांना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी ते मिरवावं हे सत्यभामाबाईला खपणारं नव्हतं. रोज सकाळी साडेसहाला हजेरी. एकेकीनं आवाज पाठवायचा, दोन शब्द बोला नाहीतर दोन ओळी गा. पहिला आवाज शकुनबाईचा. त्यानंतर दिवसभर ती दुसऱ्यांच्या चुका काढणार.

या त्रेचाळीस जणांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. फोटोच्या जागी कोणाचा गणपती, कोणाचं गुलाबाचं फूल. शकुनबाईच्या फोटोत तिची कबरी गाय होती. ओळख काय ती आवाजाची.

गळ्यातली गाठ दोन वर्षांपासून होती. सुपारीएवढी होती तोवर तिनं पदराखाली झाकली. लिंबाएवढी झाली तेव्हा सून रीना हट्टाला पेटली आणि तिला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, थायरॉईडची गाठ आहे, काढावी लागेल.

"अन् आवाज?" शकुनबाईनं विचारलं.

"आवाजाची नस गाठीला चिकटूनच जाते, मावशी. आम्ही सांभाळून करू."

रीनानं त्यातलं "करू" ऐकलं. शकुनबाईनं "सांभाळून" ऐकलं. ते तिनं घरी कोणाला सांगितलं नाही. ग्रुपवर मात्र निरोप सोडला, "माह्या गऱ्याची गाठ काढाची हाये. डाक्टर म्हनते आठ दिस बोलाचं नाई. नवव्या दिशी हजेरीले येतो. तवरिक चुका कमी करजा."

ऑपरेशन बरं झालं. गाठ गेली, भलतंसलतं काही निघालं नाही. आठव्या दिवशी टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू बोलायला लागा. सुरुवातीला आवाज घोगरा येईल. दोन-तीन महिन्यांत सुधारतो. थोडा फरक राहूही शकतो." रीना तेव्हा बाहेर औषधाच्या खिडकीवर उभी होती. शकुनबाईनं मान हलवली आणि बाहेर येऊन सुनेला काहीच सांगितलं नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी ती एकटी गोठ्यात गेली. कबरी रवंथ करत होती. शकुनबाईनं इकडं-तिकडं पाहून हळूच म्हटलं, "कबरे, ये."

घशातून जे निघालं ते तिचं नव्हतंच. बिनतेलाच्या दाराची कडी सरकावी तसं काहीतरी. कबरीनं तिच्याकडं पाहिलंही नाही, तिच्या मागं दाराकडं पाहिलं, कोण परका माणूस गोठ्यात शिरला म्हणून.

त्या क्षणी शकुनबाईनं ठरवलं, बोलायचंच नाही.

घरच्यांना वाटलं, डॉक्टरची बंदी लांबली. ती पळीनं कारभार करू लागली. ताटावर एक ठोका म्हणजे हाव, दोन ठोके म्हणजे नाही, आणि पळी फेकली तर त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. नवरा भैय्यालाल पहिले दोन दिवस खुश होता. तिसऱ्या दिवशी उदास झाला. धानाला भाव किती, वासरू विकायचं की ठेवायचं, कोणत्याही गोष्टीवर चाळीस वर्षं तो आपलं मत सांगायचा आणि शकुनबाई ते खोडून काढायची, त्यातून काय करायचं ते ठरायचं. आता मत सांगितलं की ते तसंच हवेत राहायचं, आणि चुकलं तर आपल्याच अंगावर येईल याचीच त्याला धास्ती.

त्यात उन्हाळी धानाचा रोवणा तोंडावर आला. मोठ्या बांधीवाला योगेंद्र पटले दारात येऊन भैय्यालालला म्हणाला, "काका, काकू गाईन ना? नाई त मले सिहोऱ्याची टोळी सांगा लागन." भैय्यालाल म्हणाला, "गाईन ना. काहून नाई गाईन?" शकुनबाई दाराआड उभी होती.  दोन-तीन महिन्यांत सुधारेल म्हणतात. रोवणा तर दहा दिवसांवर. आणि नाही सुधारला तर पुढं कोणाच्या बांधीत ती सोळावी बाई, झील धरणारी. तेही झील धरता आली तर.

इकडं ग्रुपवर नववा दिवस गेला, दहावा गेला. साडेसहाला सगळे गप्प बसून शकुनबाईची वाट पाहायचे, मग कोणीतरी खाकरून सुरुवात करायचं. बाराव्या दिवसापासून औषधं सुरू झाली. कोणी म्हणे ज्येष्ठमध चघळा, कोणी म्हणे तूप-मिरे. भंडाऱ्याची ताराबाई, भाजी विकणारी, तिनं सांगितलं वांगं बंद करा. मोहाडीच्या एकीनं सांगितलं वांगंच खा. भंडाऱ्याचाच टेकचंद, ॲपे ऑटो चालवणारा आणि ढोलकी वाजवणारा, त्याला काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो रोज अर्धा मिनिट ढोलकीच वाजवून पाठवायचा.

शकुनबाई घरामागच्या सांदवाडीत बसून फोन कानाला लावून हे सारं ऐकायची. कोणी फोन केला तर उचलायची, पण बोलायची नाही. पलीकडून सत्यभामाबाई, "शकून, वो शकून, आयकून राहिली का?" आणि अलीकडून फक्त कोंबड्या. मग ती फोन ठेवून द्यायची. ताराबाईनं एका आठवड्यात चार ओळी चुकीच्या गायल्या. शकुनबाईचं बोट बटनावर गेलं आणि परत आलं. हे मात्र तिला फार जड गेलं.

सासूचं हे रूप रीनाला पाहवेना. पंधराव्या दिवशी दुपारी शकुनबाईचा डोळा लागला तेव्हा तिनं सासूच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं की मी सून आहे, आईंची तब्येत चांगली आहे, काळजी करू नका. पाठवलं आणि मग तिला कायदा आठवला. लिहिलं की काढून टाकतात. आधीच सासू मुकी, त्यात आपल्यामुळं ग्रुपमधून गेली तर पळी आपल्याच डोक्यात बसेल. तिनं घाईनं लिहिलेलं पुसून टाकलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनबाईच्या बँकेच्या खात्याचं काम होतं. फोनवर नंबर येतो, तो सांगावा लागतो. म्हणून रीना फोन घेऊन एसटीनं तुमसरला गेली. रांगेत उभी असतानाच फोनची बॅटरी संपली.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी रीनाला माहीत नव्हती. त्या ग्रुपवर आजवर लिहिलेला निरोप एकदाच आला होता. मागच्या साली, साकोलीकडच्या कृष्णरावच्या नंबरवरून. कृष्णराव गेले, त्यांच्या पोरानं बापाच्या फोनवरून ते लिहून कळवलं. तेव्हापासून सत्यभामाबाईच्या लेखी अक्षरं म्हणजे मरण.

तिनं कारध्यात शकुनबाईच्या नावाखाली अक्षरं पाहिली. तशीच शेजारच्या गुंजनकडं वाचून घ्यायला गेली. तोवर ते पुसलेलं. गुंजन म्हणाली, "आजी, इथं त मेसेज डिलीट केला म्हनून लिहलं हाये."

"म्हनजे लिहलं बी अन् पुसलं बी?"

"हो."

"लेकराच्यानं सांगवलं नसन," सत्यभामाबाई म्हणाली.

शकुनबाईचा फोन लावला, उचलला नाही. रीनानं भीतीनं तो आवाज बंद करून आपल्या उशीखाली ठेवला होता. रात्री पुन्हा लावला, तरी नाही.  "मानूस गेला की मंग फोनले कोन पाहाते," असं म्हणून सत्यभामाबाईनं ताराबाईला फोन केला, ताराबाईनं टेकचंदला. ग्रुपवर मात्र डोकरीनं फक्त इतकं सांगितलं, "कोनी हजेरी देऊ नका. आमी बपेऱ्याले जाऊन राहिलो." हे ऐकून बाकीच्या एकोणचाळीस जणांनी जे समजायचं ते समजलं.

मरणाच्या घरी चूल पेटत नाही. जाणाऱ्यानं शिजवून न्यावं लागतं, आणि तेही बिनहळदीचं, बिनफोडणीचं. ताराबाईनं पहाटेच मोठा गंज भरून भात आणि डेचकीभर पांढरं वरण केलं. फडक्यात बांधलं. टेकचंदचा ऑटो भंडाऱ्याहून निघाला तो मोहाडी, तुमसर, सिहोरा करत, वरणाची डेचकी सत्यभामाबाईच्या मांडीवर सांभाळत, दुपारी बाराला बपेऱ्यात शिरला. वेशीवर टेकचंदनं एका पोराला विचारलं, "शकुनबाईचं घर कोनतं गा?" पोरानं हात करून दाखवलं. पुढचं काही विचारायची कोणाची छाती झाली नाही.

शकुनबाई अंगणात पोपटाच्या शेंगा सोलत बसली होती. पोपट म्हणजे शहरातले लोक ज्याला वाल म्हणतात तो. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, डोळे रात्रभर नीट झोप नसल्यानं लाल. भैय्यालाल बोडीच्या पाण्यावर बैल धुवायला गेलेला. ऑटोतून दोन अनोळखी बाया आणि एक गडी उतरला, आणि तिनं सूप बाजूला ठेवलं.

त्यांनी तिला ओळखलं नाही. कसं ओळखणार? लाल डोळ्यांची, तोंडातून शब्द न काढणारी बाई. जवळची कोणी असणार. ताराबाई सरळ येऊन तिच्या गळ्यातच पडली.

"बहीन व्हस ना माय तू तिची? नको बोलू, नको बोलू काही."

 आवाज शकुनबाईनं ओळखला होता. गेली चार वर्षं रोज ऐकलेला, वरच्या पट्टीत जरा फाटणारा आवाज. ही तर तारा. पण ही कोणासाठी रडून राहिली? निकेशला काही झालं की काय? तिनं घाबरून हातानं विचारलं, काय झालं? ताराबाईला वाटलं, बिचारी दुःखानं हात वारते आहे. तिनं तिला आणखी घट्ट धरलं आणि हेल काढला. भंडाऱ्याच्या तिच्या मोहल्ल्यात कोणी गेलं की ताराबाईला बोलावतात, इतकं ती चांगलं रडते.

"शकुनबाई वो माय, कशी वो सोडून गेली... आता साडेसहाले कोनाची वाट पाहू वो माय..."

तेव्हा शकुनबाईच्या डोक्यात उजेड पडला. आपल्यासाठीच रडतेत. आपण मेलो. कसे मेलो ते कळलं नाही, पण निकेश बरा आहे म्हणून तिच्या जिवात जीव आला. मग तिला थोडी गंमतही वाटली. आपल्या मागं कोण काय बोलतं, हे ऐकायला कोणाला मिळतं? ती गुपचूप ऐकत बसली. सत्यभामाबाई ओसरीच्या खांबाला टेकून पदरानं नाक पुसत होती. टेकचंद ऑटोला टेकून खाली मान घालून उभा.

ताराबाई रंगात आली. "रोवण्याची रानी होती वो माय... अस्सा आवाज, धुऱ्यावरचे पाखरं बसून राहाचे वो..."

शकुनबाईनं मान हलवली. हे ठीक होतं.

"मनानं भोरी होती वो, कोनाले उलटून बोलली नाई..."

हे काही खरं नव्हतं, पण मेलेल्या माणसाबद्दल चालतं.

"अन् थे छत्रीवालं गानं, मीच शिकवलं होतं वो माय तिले, माह्या तोंडचं गानं तिनं मुलखात नेलं वो..."

"खोटं."

शब्द अंगणात पडला. ताराबाईचा हेल अर्ध्यात तुटला. तिनं इकडं-तिकडं पाहिलं. तो आवाज कोणा गड्याचा, तोही विडी ओढणाऱ्या गड्याचा वाटत होता.

"कोन बोललं गा?" सत्यभामाबाई म्हणाली.

"मी नाई," टेकचंद म्हणाला.

शकुनबाईनं ताराबाईचे हात गळ्यातून काढले. आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "खोटं बोलून राहिली तू, तारा. थे गानं माह्यं व्हय. मीनं जोडलं, पटल्याच्या बांधीत. तुले त अजून त्याची दुसरी ओर बी बरोबर येत नाई. रुबाबा म्हनाचं त रुबाब म्हनते अन् झील पाडते."

ताराबाई दोन पावलं मागं सरली. "तू कोन व्हस?"

"जिच्यासाठी रडून राहिली, थेच."

"शकुनचा आवाज असा नाई."

"आवाज गेला. मी नाई गेली."

सत्यभामाबाईनं वरणाची डेचकी खाली ठेवली, चष्मा लावला आणि जवळ येऊन शकुनबाईला असं पाहिलं जसं बाजारात बैल पाहतात. मग म्हणाली, "आवाज कोनाचा बी असो. पन मयतीत बी चूक काढाची खोड दुसऱ्या कोनाले नाई. शकूनच व्हय हे."

यानंतर काय झालं ते सांगणं कठीण, कारण तिघी एकदम बोलत होत्या. हसत होत्या, एकमेकींना शिव्या देत होत्या. ताराबाई म्हणत होती मेलीस तर मेलीस, निदान कळवायचं तरी. सत्यभामाबाई म्हणत होती, साठ किलोमीटर वरण मांडीवर घेऊन आली, मांडी भाजली माझी. शकुनबाई बोलत होती, खोकत होती, पाणी पीत होती, पुन्हा बोलत होती. सोळा दिवसांचं साचलेलं. ताराबाईच्या चार चुका तिनं तारीखवार मोजून दाखवल्या.

तेवढ्यात भैय्यालाल बैल घेऊन आला. दारात ऑटो, अंगणात माणसं आणि त्यांच्या मध्ये बायको कोणा डोकऱ्याच्या आवाजात बोलताना पाहून तो कासरा धरूनच उभा राहिला.

"बोलून राहिली तू?"

"हाव."

"कवापासून?"

"आतापासून."

भैय्यालालनं थोडा विचार केला. "मंग हे सांग, वासरू इकाचं का ठेवाचं? मी म्हनतो इकाचं."

"ठेवाचं," शकुनबाई म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि हलक्या पावलानं बैल बांधायला गेला.

सत्यभामाबाईनं मग हळूच विचारलं, "नवव्या दिशी काहून नाई बोलली? डाक्टरनं मनाई केली होती का?"

शकुनबाईनं शेंगांच्या टरफलांकडं पाहत सांगून टाकलं. कबरीचं सांगितलं, योगेंद्र पटल्याचं सांगितलं. "आवाज आयकून तुमी म्हनसान, हे कोन? तुमाले त माह्यं तोंड बी माहीत नाई. आवाजच गेला तर मी तुमची कोन?"

"बह्याड झाली का व? आवाज गेला तं का तुले ग्रुपातून काढाव?" डोकरी म्हणाली. "मले पाह्य. दोन दाढा रायल्या फक्त. अर्धं गानं फुकाटचं हवेतच जाते. मी सोडलं का?"

मग भुकेची आठवण झाली. ताराबाईनं गंज सोडला. पांढरं वरण पाहून शकुनबाई म्हणाली, "हे का आनलं?"

"तुह्या मरनाचं."

"मंग अळनी काहून खाव? मी त जित्ती हाये." तिनं स्वतः उठून चूल पेटवली, लसूण ठेचला, सात-आठ लाल मिरच्या तेलात टाकल्या आणि तिच्या मयतीच्या वरणाला अशी फोडणी दिली की टेकचंद अंगणात बसून शिंकायला लागला. पोपटाच्या शेंगांची भाजीही झाली. "असं खाल्लं की उमर वाहाडते," भैय्यालाल म्हणाला आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

रीना तुमसरहून आली तेव्हा अंगणात पंगत बसलेली आणि सासू भरड्या आवाजात हुकूम सोडत होती. आपण लिहिलेलं आणि पुसलेलं कुठवर गेलं ते ऐकून ती दाराच्या चौकटीलाच टेकली. सत्यभामाबाईनं तिला जवळ बसवलं. "पोरी, शिकलेली हायेस, चांगली गोष्ट हाये. पन बोलत जाय. तोंड दिलं हाये ना देवानं?"

जेवणं झाल्यावर टेकचंदनं ऑटोच्या मागच्या सीटखालून ढोलकी काढली. "काकू, एक होऊन जाऊ द्या." शकुनबाईनं नाही म्हटलं. मग पाणी प्यायली. मग रुमाल सैल केला आणि नेहमीच्या जागेवरून, वरच्या पट्टीत, ओळ फेकली. "धुऱ्यावर" पर्यंत गेली आणि "मालक"वर आवाज फुटला. कडकन, मडकं फुटावं तसा. कोंबड्या उडाल्या.

 शकुनबाईचं तोंड पांढरं पडलं.

"बोक्याच्या शेपटीवर पाय पडला का वो?" ताराबाई म्हणाली.

पहिल्यांदा शकुनबाईच हसली. हसता-हसता खोकली. टेकचंद मात्र हसला नाही. तो ढोलकीच्या दोऱ्या सैल करत होता. थाप मारून पाहिली, आणखी सैल केल्या. ढोलकीचा सूर खाली उतरला. "काकू, वर नका जाऊ. खालून धरा. जिथं तुमी बोलता ना, तिथूनच."

शकुनबाईनं खालून धरली. बोलण्याच्या जागेवरून. ओळ उडाली नाही. भरल्या बैलबंडीसारखी जडजड पुढं निघाली. पण निघाली, आणि "रुबाबा"पर्यंत पोचली. तिथं तिनं शब्द असा काही ओढला की मालकाचा रुबाब पहिल्यापेक्षा जास्त चिखलात बुडाला. झील धरायची तर दोघींना खाली उतरणं भाग होतं. सत्यभामाबाई उतरली. ताराबाईला जमेना, तिचा आवाज खाली गेला की दिसेनासाच व्हायचा.

"खाली ये, तारा," शकुनबाई म्हणाली. "आनखी खाली. बांधीत उतरली ना, मंग साडी ओली होईन म्हनून का भेते?"

पाच वेळा गाऊन झालं. पाचव्या वेळी बरं झालं, असं शकुनबाई म्हणाली. तिच्या तोंडून "बरं" म्हणजे लगित, खूपच झालं. संध्याकाळी योगेंद्र पटले रस्त्यानं जाताना ओसरीपाशी थांबला, काही वेळ ऐकत राहिला आणि भैय्यालालला विचारलं, "काका, हे कोन गाऊन राहिलं?"

"टोळीचं ठरवाले आला का?" शकुनबाई आतून म्हणाली. "मी खालून गाईन. हात हळू चालतीन, पन रोवणा सरळ येईन. पाहाय पटलं त. नाई त जाय सिहोऱ्याले."

 "पहिल्या दिशी पाहू, काकू," योगेंद्र म्हणाला. "जमलं त पुढं."

"पाहू तं पाहू," शकुनबाई म्हणाली. "पन पान पहिल्याच दिशी लागन."

दिवस मावळायच्या आत ऑटो परत निघाला. रिकामा गंज मांडीवर घेऊन सत्यभामाबाई मागच्या सीटवरून म्हणाली, "उद्या साडेसहाले. नाई आली त पाह्यजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनबाई गोठ्यात शेण काढता-काढता थांबली, हात पदराला पुसला आणि बटन दाबून धरलं. "मी शकुनबाई, बपेरा. हजर हाये." इतकंच. पाठवलं आणि फोन गोठ्याच्या कठड्यावर ठेवला. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी काल दिवसभर जे समजायचं ते समजून घेतलं होतं, काहींनी तर मयतीची आंघोळही उरकली होती.  मग मोहाडीच्या बाईचा आवाज आला, घाबरलेला: "शकुनबाईच्या फोनवरून कोन डोकरा बोलून राहिला वो? पाव्हना व्हय का? अन् काकाजी, तेरवी कवाची ठरवली?"

शकुनबाईनं फोन उचलला, घसा खाकरला आणि बटन पुन्हा दाबलं.

"डोकरा कोनाले म्हनतेस वो? आन परवा तू जे गाऊन पाठवलं, थ्याची तिसरी ओर चुकली हाये."